पोटरीइतकं पाणी

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळही नाही — आणि खरं सांगायचं तर निम्मं कारण तोच आहे, बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आमच्या नवागामच्या गल्लीत मला सगळे ओळखतात, तिथे सांगायची सोय नाही. तिथे मी तापीसाठी भांडणारी बाई आहे. आषाढात तापीच्या वाढदिवसाला सुरतेची माणसं नदीला लांबच लांब चुनरी वाहतात ना, तेव्हा दरवर्षी कोणीतरी माझ्यासमोर माईक धरतं आणि मी तावातावाने बोलते. आमचा विश्वासघात झाला, म्हणते. नदीचा झाला, कोळ्या-भोयांचा झाला, साहेबलोकांनी केला. टाळ्या पडतात. मामा माझ्या पाठीमागच्या खुर्चीवर बसलेला असतो. तो टाळ्या वाजवत नाही.

विश्वासघात झाला हे खरं आहे. फक्त कोणी केला, ते मी सांगत नाही.

कुठून सुरू करू? मामापासूनच करते.

माझा मामा गोविंद, आईचा धाकटा भाऊ. आम्ही मूळचे खानदेशातले भोई. वर तापीकाठी गाव, तिथून माझे आईवडील सुरतेला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आले, मागोमाग मामाही आला. आम्ही मामाला अरे-तुरेच करतो, म्हणून इथेही तसंच लिहिते. वडील आणि मामा एकाच खात्यात होते — सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. वीस वर्षं मामाने तिथे काढली. मग कान गेले. एकदम नाही, हळूहळू, त्या खडखडाटाने जातात तसे; कानाशी ओरडलं तरच थोडं कळायचं. मामी वारली, मूलबाळ नव्हतं. एक दिवस त्याने सांगून टाकलं की मी नदीवर चाललो. बारडोलीच्या पुढे, धरणाच्या खाली, आमच्याच भोई लोकांची एक लहानशी वस्ती होती. तिथे जाऊन त्याने पुन्हा जाळं हातात घेतलं. माणूस बदलून गेला हो! खात्यात पिवळा पडलेला मामा तिथे चार महिन्यांत काळाभोर आणि खुशीत दिसायला लागला.

पण तिथल्या नदीचं एक दुखणं होतं. वरच्या धरणात वीज करतात. वीज हवी तेव्हा टर्बाइन चालतं आणि पाणी खाली येतं. वीज नको तेव्हा दरवाजे बंद, आणि खाली नदी उघडी पडते. मासे डबक्यांत अडकतात, ऊन चढतं, पाणी तापतं, संपलं. वस्तीतल्या लोकांनी अर्जांवर अर्ज केले. शेवटी एक समिती बसली — नदीत कमीत कमी किती पाणी कायम सोडायचं ते ठरवायला. पाहणीचं काम एका खासगी कंपनीला मिळालं, आणि तिथल्या मॅडमना अशी मुलगी हवी होती जिला थोडं विज्ञान येतं, गुजराती येते आणि भोई लोकांची अहिराणीही येते. अशी मुलगी आख्ख्या सुरतेत किती असणार? मी बी.एस्सी. झाले होते. गल्लीतली पहिली. नाक वर करूनच गेले.

मार्चच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत मी मामाच्या खोपटात राहिले. काम सोपं होतं. वस्तीच्या जरा वर नदी उथळ होते, दगडांवरून खळखळत जाते. मासा वर चढतो तो तिथूनच. तिथे पाणी किती असलं म्हणजे मासा चढेल, हे मोजायचं. मॅडमनी पट्टी दिली होती, सेंटिमीटरची. मामाला अक्षर येत नाही, आकडाही येत नाही. त्याने बाभळीचा एक सोट आणला, उथळात पुरला, आणि आपण शेजारी उभं राहून त्यावर कोयत्याने तीन खाचा केल्या. घोटा, पोटरी, गुडघा. आणि म्हणाला, "घोटाभर पानीम्हा मासा चढत नही, पोरी. पोटरीभर पाहिजे. तव्हय तो पोट न घासता जास."

मी हसले होते तेव्हा. पण पट्टी लावून रोज बघत गेले तसं कळलं की त्याची पोटरीची खाच अगदी बरोबर होती. खाचेखाली पाणी गेलं की मासे दगडांपाशी येऊन परत फिरायचे. खाचेवर आलं की सुळकन जायचे. मॅडम आल्या तेव्हा त्यांनाही मी दाखवलं. त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी मामाचा फोटो काढला, सोटासकट. म्हणाल्या, हे आकडे तुझे नाहीत, नदीचे आहेत, कोणी काही बोललं तर मी आहे तुझ्या मागे. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मागे आहे, म्हणाल्या. मागे म्हणजे किती मागे, ते मी विचारलं नाही.

आता नवऱ्याकडे येते. तेव्हा तो नवरा नव्हता, साखरपुडा झालेला होता. इच्छापोरला एका कारखान्यात कंत्राटावर इलेक्ट्रिशियन. सुट्टी मंगळवारी. तुम्ही कधी साखरपुडा झालेल्या पंचवीस वर्षांच्या मुलीला नदीकाठी खोपटात ठेवून बघा — फोनला रेंज नाही, आरसा तळहाताएवढा. पहिल्या सोमवारी मी संध्याकाळचं मोजमाप घेतलं आणि मामाला म्हटलं, ऑफिसात रिपोर्ट द्यायला बोलावलंय. शेवटच्या बसने सुरत गाठलं. मंगळवारी सकाळी आम्ही दोघं डुमसला गेलो, समुद्राच्या काठावर टमाट्याची भजी खाल्ली, आणि तिसऱ्या प्रहरी मी परत वस्तीवर.

मग पुढचा मंगळवार. मग त्याच्या पुढचा.

रजिस्टरमध्ये मंगळवारच्या सकाळचा रकाना रिकामा राहायचा. पहिल्या वेळी मी बारडोलीहून मॅडमना फोन करून खरं सांगितलं की एक सकाळ चुकली. त्या म्हणाल्या, रिकामा रकाना बरा दिसत नाही, आदल्या दिवसासारखंच असेल, भरून टाक. मी भरला. हे मी मॅडमवर ढकलत नाहीये — की ढकलतेय? एका सकाळीबद्दल त्या बोलल्या होत्या. पुढच्या दहा सकाळी माझ्या. त्या मी त्यांना सांगितल्याच नाहीत. सोमवार सकाळ पाहायची आणि मंगळवार सकाळ लिहायची. पोटरी. पोटरी. पोटरीच्या किंचित वर. एखाद्या मंगळवारी मुद्दाम थोडं खाली, खरं वाटावं म्हणून. किती हुशार ना?

आता यात कोणाचं काय बिघडलं, असं तुम्ही विचाराल. मीही तेच म्हणत होते. ऐका मग.

कारखान्यांना मंगळवारी सुट्टी का असते? विजेचा ताण एकाच दिवशी पडू नये म्हणून पट्ट्यापट्ट्याला सुट्टीचे वार वाटून दिलेले असतात. वरच्या धरणाची वीज जाते त्या पट्ट्याचा वार मंगळवार. त्या दिवशी कारखाने बंद, म्हणून विजेची मागणी कमी, म्हणून वरचं टर्बाइन बंद. सोमवारी रात्री बंद व्हायचं ते मंगळवारी दुपारी सुरू. म्हणजे माझ्या होणाऱ्या नवऱ्याला ज्या दिवशी सुट्टी, त्याच सकाळी नदीत पाणी नसायचं. मी बसमधून उतरून काठ उतरेपर्यंत पाणी परत आलेलं असायचं. पाहणीच्या सगळ्या दिवसांत नदी जर कुठे खरी मरत असेल तर त्या अकरा सकाळी, आणि त्या अकराच्या अकरा सकाळी मी तिथे नव्हते. आणि रजिस्टरमध्ये मी पाणी लिहिलं.

मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकते. म्हणून पाहिलंय, स्वतःशी, पुष्कळदा. पण मामाने मला सांगितलं होतं. तिसऱ्या की चौथ्या मंगळवारी मी परत आले तेव्हा तो दारात बसून पाय धूत होता, मांडीपर्यंत चिखल, शेजारी बादली. म्हणाला, "मंगयवारले नदीम्हा पानीच ऱ्हास नही." आमच्यात एक रीत आहे — डबक्यात अडकलेला मासा धरायचा नाही. त्याला पळायला जागा नाही, तो धरण्यात कसली भोईगिरी? तर मामा दर मंगळवारी पहाटे उठून डबक्याडबक्यातून बोटाएवढी पिल्लं बादलीत भरायचा आणि खालच्या डोहात नेऊन सोडायचा. पन्नाशी उलटलेला माणूस. खेपा मारायचा, ऊन डोक्यावर येईतो. दगडांवर वाळलेली चांदीसारखी पिल्लं मीही संध्याकाळी पाहिली होती. पाहिली आणि पुढे गेले. कारण तोवर आधीची पानं मॅडमकडे गेली होती. आता खरं लिहायचं म्हणजे आधीचं खोटं आहे हे सांगायचं, आणि मग मंगळवारी तू कुठे होतीस हा प्रश्न यायचा. आई-वडिलांपर्यंत जायचा. लग्नाआधी मुलाबरोबर डुमसला फिरते — आमच्या गल्लीत हे एवढं पुरेसं होतं.

एवढं पुरेसं होतं का? आज विचारलं तर हसू येतं. तेव्हा जीव घाबरा व्हायचा.

दिवाळीच्या आधी सुनावणी झाली, सुरतेत, एका सरकारी हॉलमध्ये. वस्तीतून माणसं टेम्पो करून आली होती, बायकाही. त्यांना आशा होती. समितीने पोटरीची खाच मान्य केली तर नदीत बारा महिने तेवढं पाणी राहणार होतं. मासा टिकला असता, वस्ती टिकली असती. टेम्पोतून उतरताना सगळे मामाला पुढे करत होते, खाच त्याची म्हणून. मामाने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. एसीचा आवाज, माईकची शिट्टी, सगळं गुजरातीतून. मामाला मी पहिल्या रांगेत, माईकच्या समोरच्या खुर्चीवर बसवलं. त्याला ऐकू येणार नाही, निदान दिसेल तरी, म्हणून मीच बसवलं.

मॅडम छान बोलल्या. पडद्यावर मामाचा सोट आला तेव्हा वस्तीतल्या बायका हसल्या, कौतुकाने. मग विजेच्या बाजूचे इंजिनिअर उठले. सभ्य माणूस, आवाजही चढवला नाही. त्यांनी टर्बाइनच्या वेळांचा कागद काढला आणि अकरा तारखा वाचल्या. या सकाळी आमचं एकही टर्बाइन चालू नव्हतं, म्हणाले, नदीत पाण्याचा थेंब सोडला नव्हता, आणि बहेनच्या रजिस्टरात मात्र पोटरीइतकं पाणी आहे. हे पाणी आलं कुठून?

हॉलमध्ये हशा झाला.

बघा ना. त्यांच्याच कागदात आमचं म्हणणं सिद्ध होत होतं. अकरा सकाळी नदी कोरडी होती, हे त्यांनीच सांगितलं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं — साहेब, त्या सकाळी मी तिथे नव्हते, मी खोटं लिहिलं, पण हा माणूस तिथे होता, याने बादलीने मासे वाचवले, याला विचारा. एवढंच. दोन वाक्यं. माझी लाज गेली असती, नदी राहिली असती.

समितीच्या प्रमुखांनी मॅडमकडे पाहिलं. मी पण पाहिलं. मागे उभ्या राहणार होत्या ना? मॅडम आपल्या कागदांकडे बघत म्हणाल्या की मोजमापं स्थानिक असिस्टंटने घेतली आहेत, तिलाच विचारा. जणू पायाखालचा पाटच काढून घेतला कोणी. इतका राग, इतका अपमान मला आयुष्यात वाटला नव्हता. त्या क्षणी माझा विश्वासघात झाला, हे मी आजही म्हणेन.

आणि पुढच्याच क्षणी मी काय केलं?

मी माईक हातात घेतला आणि गुजरातीत म्हणाले की मंगळवारी मला ऑफिसचं काम असायचं, त्या सकाळी सोटावरचं पाणी मामा बघायचे आणि मला सांगायचे, ते मी लिहायचे. प्रमुखांनी विचारलं, जन्मभर नदीवर राहिलेल्या माणसाला कोरडी नदी आणि पोटरीभर पाणी यातला फरक कळत नाही? मी म्हणाले —

थांबा. हे लिहायला मला बारा वर्षं लागली आहेत.

मी म्हणाले, त्यांना दारूची सवय आहे.

मामा माळकरी आहे. गळ्यात तुळशीची माळ आहे. त्याने आयुष्यात थेंब घेतलेला नाही. आणि हे मी गुजरातमध्ये बोलले, जिथे दारूबंदी आहे, भर सरकारी हॉलमध्ये, वस्तीच्या समोर. वाक्य तोंडातून कसं आलं असं लोक म्हणतात ना, तसं काही झालं नाही. मी विचार केला. माळ शर्टाच्या आत आहे, कोणाला दिसत नाही, हाही विचार केला. आणि त्याला ऐकू येत नाही, हा तर सगळ्यात आधी केला.

प्रमुख मामाकडे वळले, मोठ्याने आणि खुणेने विचारलं, काका, दारू पिता? अंगठा तोंडाकडे नेऊन. मामाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मग उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "हा साहेब, पीउं छुं."

मला वाटलं, त्याला कळलं नाही. बहिरी माणसं असं करतात, समोरचा काय म्हणतो ते न कळताच हो म्हणून मोकळी होतात. मी हेच धरून बसले. बाहेर आल्यावर त्याने मला चहा पाजला. वस्तीतली माणसं टेम्पोत चढली तेव्हा त्याच्याशी कोणी बोललं नाही. त्यानेच कबूल केलं होतं ना सगळ्यांसमोर. म्हातारा पिऊन खाचा करत बसला आणि आपलं पाणी घालवलं — हे मग वस्तीत कायमचं झालं. ज्याच्या मोजण्यावर अकरा दिवस विश्वास ठेवता येत नाही, त्याच्या खाचेवर कसा ठेवायचा? समितीने पोटरी सोडली आणि घोट्याइतकं पाणी ठरवलं. ते आजही सोडतात. मंगळवारीसुद्धा. नियम अगदी नीट पाळला जातो. घोटाभर पाण्यात मासा चढत नाही, एवढंच.

मामाने महिन्याभरात जाळं शेजाऱ्याला देऊन टाकलं आणि सुरतेला परत आला. एका खात्याच्या दारात वॉचमन म्हणून बसायला लागला. ज्या खडखडाटाने कान नेले, त्याच्याच दारात. वस्तीही पुढे दोन-तीन वर्षांत पांगली. कोणी लूमवर, कोणी बांधकामावर. त्यातली काही माणसं आमच्याच भागात राहतात. मामा दिसला की अजून रस्ता बदलतात.

माझं लग्न झालं माघात. गल्लीतच मांडव, डीजे लावलेला, पत्रे थरथरत होते. मी हळद लावून बसले होते आणि समोर बघत होते. एका टोकाला वडील, कढयांजवळ. दुसऱ्या टोकाला मामा, पंगतीपाशी. मधे दीडशे माणसं आणि तो डीजे. आणि ते दोघं बोलत होते. आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. मामाचे ओठ मला दिसले — वरण सरनं, पंगत थोडी थांबाडा. वडिलांनी मान हलवली आणि वाढप्याला हाक मारली.

मी मामाच्या ओठांवरून नजर काढली नाही.

खात्यात असंच बोलतात. लूम चालू असताना शेजाऱ्याचा शब्द ऐकू येत नाही, म्हणून सगळे ओठ वाचायला शिकतात. गुजराती मुकादमाचे, उडिया कारागिराचे, हिंदी, मराठी, सगळ्यांचे. वीस पावलांवरून वाचतात. वडील घरी आले तरी सवयीने कधीकधी आवाजच काढायचे नाहीत, नुसते ओठ हलवायचे, आणि आई वैतागायची, अहो घरी आलात, आता आवाज सोडा! हे मी पाचव्या वर्षापासून पाहिलेलं. लूमवाल्याची मुलगी मी. हॉलमधल्या एकाही माणसाला हे माहीत असणं शक्य नव्हतं, फक्त मला होतं. आणि मीच त्याला पहिल्या रांगेत, माझ्या तोंडासमोर बसवलं होतं.

विसरले होते का मी? की त्या वेळेपुरतं विसरायचं ठरवलं? खरंच सांगते, मला माहीत नाही. हे मात्र माहीत आहे की त्याने शब्दन् शब्द वाचला. माझ्या ओठांवरची दारू त्याने वाचली, आणि मग माझ्याकडे बघून हो म्हणाला. भाचीचं लग्न ठरलेलं होतं. मंगळवारी मी कुठे जायचे हेही त्याला कळलेलं असणार. कोणत्या ऑफिसातून मुलगी सँडलमध्ये समुद्राची वाळू घेऊन येते?

मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा रीतीप्रमाणे मामा माझ्या पाठीमागे उभा राहिला. दोन्ही हात माझ्या खांद्यांवर. त्या हातांना आता माशांचा वास नव्हता, साबणाचा होता. मला त्या वासाने रडू फुटलं आणि सगळ्यांना वाटलं, सासरी जायचं म्हणून रडते. तसंच वाटू दिलं.

त्या दिवसापासून मला एक सवय लागली. नदीचं, वस्तीचं, सुनावणीचं बोलणं निघालं की मी मामाकडे पाठ करते. लक्षातही येत नाही, आपोआप मान वळते. माईकवर बोलतानाही तो माझ्या पाठीमागच्या खुर्चीवर आहे ना, याची आधी खात्री करते.

वॉचमनकी झेपेना तसा तो आमच्याकडेच राहायला आला. नवऱ्याचं आणि त्याचं छान जमतं. दोघं मिळून टीव्हीवर आवाज बंद ठेवून क्रिकेट बघतात आणि मामा त्याला खेळाडू मैदानात एकमेकांना काय शिव्या देतात ते सांगतो.

मग ते मास्कचे दिवस आले. सगळ्यांची तोंडं झाकली आणि मामा पहिल्यांदा पुरता बहिरा झाला. दुकानदार बोले, डॉक्टर बोले, तो नुसता डोळ्यांकडे बघत राही. फार हाल झाले त्याचे. आणि मी त्या हालांत काय साधलं? एका दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. मला सर्दी होती, म्हणून घरातही मास्क. तो खाटेवर, मी खाली भाजी निवडत. मी बोलायला लागले. मास्कच्या आतून, अगदी स्पष्ट, अहिराणीत. मंगळवार सांगितले, डुमस सांगितलं, रजिस्टर सांगितलं, दारूचं सांगितलं. माफ कर म्हटलं. सगळं त्याच्या डोळ्यांत बघत सांगितलं. एकही शब्द त्याच्यापर्यंत पोचणार नाही याची खात्री होती, म्हणून तर इतकं छान सांगता आलं.

तो माझ्याकडे टक लावून बघत होता. माझे डोळे वाहत होते, ते त्याला दिसत होते. म्हणाला, "ते फडकं काढ ना पोरी. काय सांगी ऱ्हायनी तू?"

मी मास्क खाली ओढला. त्याच्या समोर माझं तोंड उघडं होतं. आणि मी म्हणाले, काही नाही, चहा ठेवते.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मास्क कधीच गेले. मामा बाहेरच्या खोलीत खाटेवर बसला आहे, दार उघडं आहे, मी इथून त्याला दिसते. मघाशी त्याने विचारलं, काय लिहितेस एवढं? मी म्हटलं, नदीचं. त्याने मान हलवली.

मामाला अक्षर येत नाही. त्याला वाचता येतात ते फक्त ओठ. म्हणून मी हे लिहिलं आहे.